काळी ओलांडून वाळूवर? दूधगंगाकाठच्या एका इमारतीचं द्रवीकरण प्रकरण

सदलगा–बोरगाव पट्ट्यात, नदीकडेच्या एका ले-आऊटमध्ये तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत बांधायची आहे. खाली दुकानं, वर सदनिका आणि गाड्यांसाठी दीड मीटर खोल अर्धं तळघर. इमारतीची मागची भिंत दूधगंगेच्या दरडीपासून ४० मीटरवर येते, दरड सुमारे ६ मीटर उंच आहे. मे महिन्यात बोअर घेऊन केलेला सॉईल रिपोर्ट हातात आहे. त्याचा निष्कर्ष तीन वाक्यांचा: भूजल ६ मीटरवर असल्याने द्रवीकरणाचा (भूकंपात ओली वाळू पातळ होण्याचा) संभव नाही; काळी माती पूर्ण काढून ३.२ मीटरवर वाळूत फुटिंग घ्यावं. धारणक्षमता चौरस मीटरला १५ टन धरावी. या तीन वाक्यांवर पाया ओतायचा का, एवढाच प्रश्न आहे.

प्लॉट प्रातिनिधिक आहे. थर आणि आकडे नदीकाठच्या मळीच्या जमिनीत सापडतील अशा बेताने गणितासाठी घेतले आहेत, ते कुणाच्या जागेचा अहवाल म्हणून वापरू नयेत. पद्धत, गुणांक आणि चुका मात्र खऱ्या कामातल्याच आहेत.

इथे हा प्रश्न कशासाठी

बेळगाव जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. शहरातल्या जांभ्यावर, खानापूरकडच्या लाल मातीवर, जिथे चार-पाच फुटांवर मुरूम किंवा काळा दगड लागतो तिथे द्रवीकरण होत नाही. द्रवीकरण होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: सैल वाळू किंवा चिकटपणा नसलेला गाळ, तो पाण्याने पूर्ण भरलेला, आणि जोराचा हादरा. हादऱ्यात वाळूचे कण एकमेकांत बसू पाहतात, पण मधलं पाणी तेवढ्या वेळात निघून जाऊ शकत नाही. मग कणांवरचा भार पाण्यावर येतो आणि काही सेकंद वाळूची ताकद जवळजवळ संपते. हे सगळं एकत्र येऊ शकेल अशा जागा या सीमाभागात थोड्याच आहेत: कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी यांच्या काठच्या पट्ट्या, बुजवलेले नाले आणि वाळू उपसून नंतर कचरा-मातीने भरलेले खड्डे. शेवटचा प्रकार सगळ्यांत वाईट. तो कोणत्याही नकाशावर दिसत नाही, म्हणून बोअरची जागा ठरवण्याआधी गावातल्या जुन्या माणसांना वाळूचा खड्डा कुठे होता हे विचारावं आणि उपग्रहाची जुनी छायाचित्रं बघावीत. नुसत्या प्लॉटच्या चार कोपऱ्यांवर बोअर घेण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

हादऱ्याचं म्हणाल तर भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक आयएस १८९३ (भाग १) : २०१६ मध्ये बेळगाव तिसऱ्या भूकंप क्षेत्रात आहे, क्षेत्र गुणांक (हिशेबात धरायचं जमिनीचं त्वरण, गुरुत्वाच्या पटीत) ०.१६. कोयना धरण सदलग्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, वारणेचा परिसर त्याहून जवळ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप ६.३ तीव्रतेचा होता आणि कोयना–वारणा पट्टा आजही हलतो. तरी एवढ्या लांबून येणारा धक्का इथली वाळू पातळ करील असं म्हणणं ओढूनताणून होईल. सव्वाशे किलोमीटरवर त्या आकाराच्या भूकंपाचं त्वरण ०.१६ च्या बरंच खाली येतं. खरी भीती जवळच्या, मध्यम भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला ६.२ चा भूकंप झाला तेव्हा तो भाग त्या काळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. तीव्रता मध्यम असूनही द्रवीकरण किती नुकसान करतं हे न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चने दाखवलं. २२ फेब्रुवारी २०११ चा भूकंप ६.२ चाच होता, पण शहराला खेटून झाला. एव्हन नदीकाठच्या गाळमिश्रित वाळूवर वसलेल्या पूर्वेच्या उपनगरांत एवढं नुकसान झालं की काही हजार घरांची वस्ती कायमची उठवावी लागली.

बोअरमध्ये काय लागलं

वरून १.५ मीटर मुरमाचा भराव. ३ मीटरपर्यंत काळी चिकण माती, प्लास्टिसिटी निर्देशांक (मातीच्या चिकटपणाचा आकडा) २८. ३ ते ७.५ मीटर राखाडी, बारीक, गाळमिश्रित वाळू. ७.५ ते ९.५ गोट्यांसह घट्ट वाळू, त्याखाली झिजलेला बेसाल्ट. मे महिन्यात पाणी ६ मीटरवर.

काळीबद्दल आधी बोलून घेऊ. निर्देशांक १८ च्या वर गेला की माती द्रवीकरणाच्या यादीतून बाहेर जाते, हा ब्रे आणि सँचिओ यांचा २००६ चा निकष आज सर्रास वापरला जातो. १२ च्या खाली निर्देशांक असेल आणि नैसर्गिक ओलावा द्रव मर्यादेच्या ०.८५ पटीपेक्षा जास्त असेल तर संशय घ्यायचा, १२ ते १८ च्या दरम्यान प्रयोगशाळेत आवर्ती चाचणी (पुन्हा पुन्हा उलटसुलट भार देऊन) करायची. आपली काळी २८ ची आहे. ती फुगेल, आकसेल, भिंतीला भेगा पाडेल, पण भूकंपात पातळ होणार नाही. आणि इथेच या पट्ट्यातली रूढ सल्लामसलत उलटी पडते. काळी वाईट, म्हणून ती ओलांडून खालच्या वाळूवर पाया टेकवायचा असं गवंड्यापासून इंजिनिअरपर्यंत सगळे सांगतात. फुगण्या-आकसण्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. भूकंपाच्या दृष्टीने मात्र आपण जी न पातळ होणारी जाड साल वर होती ती कापून, थेट पातळ होऊ शकणाऱ्या थरावर इमारतीचा भार ठेवतो.

वाळूतल्या प्रमाणित भेदन चाचणीचे आकडे (नमुनानळी ३० सेंटिमीटर आत जायला लागलेले हातोड्याचे ठोके, म्हणजे ‘एन’) असे: ३.५ मीटरवर ९, ५ मीटरवर ११, ६.५ मीटरवर १४. खोलीगणिक वाढतात म्हणून रिपोर्टात ‘घट्टपणा वाढत जाणारा थर’ असं लिहिलंय. हे दिसतं तसं नाही, ते पुढे गणितात येईल. त्याआधी हे आकडे कसे आले ते पाहायला हवं, कारण द्रवीकरणाचा सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा असतो.

हातोडा ६३.५ किलोचा आणि पडण्याची उंची ७५ सेंटिमीटर हे कागदावर सगळीकडे असतं. जागेवर दोर-कप्पीवर काम चालतं. दोर ओला, रहाटाला तीन वेढे, दुपारनंतर माणसं दमलेली. हातोडा पडतो ६० सेंटिमीटरवरून आणि दोराच्या घर्षणात आणखी ऊर्जा जाते. म्हणून दोर-कप्पीच्या हातोड्याला ०.७५ चा ऊर्जा गुणांक लावतात. हा गुणांक रिपोर्टात लावलेला नाही. दुसरं म्हणजे पाण्याखालच्या वाळूत केसिंगमधली (बोअरमधल्या लोखंडी नळीतली) पातळी बाहेरच्या भूजलापेक्षा खाली गेली की तळातून वाळू उसळून वर येते. मग चाचणी मूळ थराची न होता ढवळलेल्या वाळूची होते. बेलर (गाळ उपसायची नळी) झटक्याने वर ओढला तरी हेच. बोअर नेहमी काठोकाठ पाण्याने किंवा बेंटोनाइटने भरलेला ठेवावा, आणि चाचणीआधी तळ मोजून पाहावा. ज्या खोलीपर्यंत खोदलं त्यापेक्षा तळ १०–१५ सेंटिमीटर वर लागला तर ती चाचणी फेकून द्यायची. तिसरं, संशयित थरात चाचणी दर १.५ मीटरला न करता ०.७५ मीटरला करावी. दीड मीटरच्या अंतरात एक मीटर जाडीचा सैल पट्टा सहज निसटतो.

गणित

आयएस १८९३ च्या परिशिष्टातली सोपी पद्धत सीड आणि इड्रिस यांच्या १९७१ च्या कामावरून आली आहे. भूकंपाने मातीवर येणारा ताण एका बाजूला, मातीची तो सोसण्याची ताकद दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे सुरक्षा गुणांक.

ताण = ०.६५ × क्षेत्र गुणांक × (एकूण उभा दाब ÷ परिणामी उभा दाब) × खोली गुणांक.

परिणामी दाब म्हणजे एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा जाऊन कणांवर उरलेला दाब. खोली गुणांक ९.१५ मीटरपर्यंत १ − ०.००७६५ × खोली. पाण्याची पातळी फक्त मधल्या कंसात शिरते आणि तिथेच उत्तर फिरवते. पाणी वर आलं की एकूण दाब जवळपास तोच राहतो, परिणामी दाब घटतो, गुणोत्तर वाढतं.

ताकदीसाठी मोजलेला एन आधी ६० टक्के ऊर्जेवर आणायचा. ६.५ मीटरवरचं उदाहरण घेऊ. हातोडा ०.७५, दांड्याच्या लांबीसाठी ०.९५, १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरसाठी १.०५. म्हणजे १४ चे १०.५ उरतात. मग वरच्या भाराची दुरुस्ती: १०० भागिले परिणामी दाब, त्याचं वर्गमूळ, कमाल १.७. मे महिन्यात या खोलीवर परिणामी दाब १०८.६ किलोपास्कल होता, गुणांक ०.९६, दुरुस्त एन १०. बारीक मातीचं (७५ मायक्रॉनपेक्षा लहान कणांचं) प्रमाण ८ टक्के, त्याची भर घातल्यावर १०.५. या एन ला ७.५ तीव्रतेच्या भूकंपासाठीची ताकद ०.११७ मिळते. हिशेबासाठी तीव्रता ६.५ धरली आहे, तिचा गुणांक १.४४, म्हणून ताकद ०.१६९.

पाणी १.५ मीटरवर धरलं तर एकूण दाब ११८, परिणामी ६९, ताण ०.१६९. सुरक्षा गुणांक बरोबर १.००.

याच रीतीने तिन्ही खोल्यांचं (शेवटच्या तीन रकान्यांत सुरक्षा गुणांक):

| खोली (मी.) | मोजलेला एन | बारीक माती | अंतिम दुरुस्त एन | पाणी ६ मी.वर | पाणी १.५ मी.वर | पाणी जमिनीला टेकलेलं |
|---|---|---|---|---|---|---|
| ३.५ | ९ | १८% | ११.४ | पाण्याच्या वर, धोका नाही | १.२३ | ०.८४ |
| ५.० | ११ | १२% | १०.६ | पाण्याच्या वर, धोका नाही | १.०६ | ०.८० |
| ६.५ | १४ | ८% | १०.५ | १.६४ | १.०० | ०.८० |

मोजलेला एन ९ वरून १४ पर्यंत चढतो, पण दुरुस्त एन ११.४ वरून १०.५ पर्यंत उतरतो. ‘घट्टपणा वाढत जाणारा थर’ म्हणजे मुख्यतः वरच्या मातीचा भार वाढत जाणारा थर. द्रवीकरणाच्या दृष्टीने वाळू वरपासून खालपर्यंत जवळपास तितकीच कच्ची आहे, उलट खाली गाळ कमी असल्याने किंचित जास्तच.

आयएस १८९३ मधली सोपी चाळणीही इथे आधीच इशारा देते. तिसऱ्या क्षेत्रात ५ मीटरपर्यंत दुरुस्त एन किमान १५ आणि १० मीटर वा त्याखाली २५ असावा, मधे प्रमाणाने. ६.५ मीटरवर १८ लागतो, आपल्याकडे १० आहे. ही चाळणी सॉईल रिपोर्टात लावली असती तरी ‘संभव नाही’ हे शब्द लिहिता आले नसते.

मे महिन्याचं पाणी

रिपोर्ट चुकला तो मुख्यतः इथे. दूधगंगेकाठी मे हा वर्षातला सगळ्यांत कोरडा महिना, आणि बोअरच्या गाड्या त्याच महिन्यात सहज मिळतात. जून ते सप्टेंबर पुराचं पाणी असतं. २०१९ आणि २०२१ चे पूर या पट्ट्यात कुणाला सांगायला नकोत. पण पूर ओसरला म्हणजे वाळू कोरडी झाली असं नाही. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, नदी तुडुंब राहते, उसाला पाणी चालू असतं. काठच्या वाळूतलं पाणी हिवाळाभर वरच राहतं. आणि कोयना डिसेंबरात हललं, किल्लारी सप्टेंबरअखेरीस. भूकंपाला ऋतू नसतो हे खरंच, पण वर्षातले निदान सहा-सात महिने जी पातळी असते तिच्यावर हिशेब केला नाही तर तो हिशेब कशाचा?

जमिनीला टेकलेलं पाणी धरावं का यावर मतं वेगळी असू शकतात. महापुराचे चार-आठ दिवस आणि मोठा भूकंप एकत्र येणं विरळा आहे. साध्या इमारतीसाठी १.५ मीटर, आणि दवाखाना, पाण्याची टाकी, पुरात आसरा म्हणून वापरायची शाळा असेल तर जमिनीची पातळी, अशी विभागणी आम्हाला योग्य वाटते. पातळी ठरवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे बोअरमध्ये ५० मिलिमीटरचा छिद्रित पीव्हीसी पाइप जाळी लावून सोडून देणे आणि वर्षभर दर पंधरा दिवसांनी टेपने मोजणे. वर्षभर थांबायला वेळ नसेल तर शेजारच्या विहिरींच्या आतल्या भिंतींवरचे ओलीचे पट्टे पाहावेत.

एक बारकावा इथे नेहमी घसरतो. वरच्या भाराच्या दुरुस्तीत चाचणीच्या दिवसाचा परिणामी दाब घ्यायचा, आणि ताणाच्या सूत्रात पावसाळ्यातला. दोन्हीकडे पावसाळ्यातलाच दाब टाकला तर ६.५ मीटरवर दुरुस्त एन फुगून १३ होतो आणि सुरक्षा गुणांक १.०० चा १.२० दिसतो. ऊर्जेच्या दुरुस्त्या गाळल्या तर १.२७. या दोन्ही चुका बाजू सुरक्षित दाखवणाऱ्या आहेत आणि स्प्रेडशीटमध्ये डोळ्यांना दिसत नाहीत.

बारीक मातीचंही तसंच. ३.५ मीटरची चाचणी काळीच्या तळाला खेटून आहे. नमुनानळीत वरचा अर्धा भाग काळीचा आणि खालचा वाळूचा आला, आणि प्रयोगशाळेत दोन्ही एकत्र चाळले, तर बारीक मातीचं प्रमाण ४० टक्के निघेल, दुरुस्त एन १४ च्या पुढे जाईल आणि १.२३ चा १.४९ होईल. नमुना नळीतच उभा चिरून थर वेगळे करावेत, आणि ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुऊन चाळावं. कोरडं चाळलं की चिकणमातीची ढेकळंच वाळू म्हणून मोजली जातात.

तीव्रता ६.५ का, हाही रास्त प्रश्न आहे. ०.१६ हे त्वरण ज्या भूकंपातून येईल असं मानायचं, तो जवळचा आणि मध्यम असणार. ७.५ धरला तर, पाणी १.५ मीटरवर असताना, तिन्ही खोल्यांचे सुरक्षा गुणांक ०.८५, ०.७४ आणि ०.६९ इतके खाली येतात आणि इवासाकीचा द्रवीकरण निर्देशांक (सगळ्या खोलीचा धोका एका आकड्यात मांडणारा) ८ च्या आसपास, म्हणजे ५ ते १५ या ‘जास्त धोका’ गटात जातो. ६.५ ला तो जवळपास शून्य. निर्देशांक शून्य म्हणून फाइल बंद करणं मात्र बरोबर नाही. गुणांक १.०० ते १.०६ वर असलेला थर म्हणजे कड्यावर उभा असलेला थर, आणि एन मोजण्यातली अनिश्चितता त्याहून मोठी आहे. किमान १.२ हवा असं धरून पुढे गेलो.

पातळ झालं तर काय होईल

सपाट, मोकळ्या जमिनीवर ३ मीटर जाडीची न पातळ होणारी साल खालचा बराचसा धक्का झाकते. इशिहाराच्या १९८५ च्या आलेखानुसार ०.२ जी च्या आसपासच्या त्वरणाला एवढी साल जेमतेम पुरते. म्हणजे शेजारची दोन खोल्यांची घरं, ज्यांचा पाया मुरमाच्या भरावातच आहे, तुलनेने बरी राहतील. ३.२ मीटर खोल गेलेल्या फुटिंगला या सालीचा काहीच उपयोग नाही. तळघराने साल अर्ध्यावर येते. वर तळघर रिकामं, हलकं आणि बंद, म्हणून खालचं पाणी ते वर ढकलतं. थर पूर्ण पातळ झाला तर नंतर बसताना त्याच्या जाडीच्या २ ते ३ टक्के आकुंचन धरतात. ४.५ मीटर वाळूचं ते ९ ते १३.५ सेंटिमीटर होतं. सगळी इमारत एकसारखी बसली तर ते पचतं, पण वाळूचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो, आणि भार पेलणारी वाळू इमारतीच्या कडेखालून बाहेर सरकली की खचणं या हिशेबाच्या कितीतरी पुढे जातं. जपानमध्ये १९६४ च्या निगाता भूकंपात कावागिशी-चोच्या इमारती न मोडता आडव्या झाल्या, त्या याच कारणाने.

दरड हा वेगळाच धोका. वाळूचा थर ३ ते ७.५ मीटर आणि दरड ६ मीटर, म्हणजे थराचं तोंड नदीकडे उघडं आहे. अशा जागी जमीन नुसती खचत नाही, नदीकडे सरकते. दरडीची उंची भागिले अंतर हे गुणोत्तर इथे १५ टक्के येतं, दुरुस्त एन सगळीकडे १५ च्या खाली. दोन्ही लक्षणं सरकण्याच्या बाजूची आहेत. हे सरकणं पायाखालच्या स्तंभांनी थांबत नाही, कारण हलतो तो इमारतीसकट सगळा काठ.

काय केलं

पहिले दोन निर्णय फुकटचे होते. इमारत प्लॉटच्या रस्त्याकडच्या बाजूला १२ मीटर सरकवली, मागे पार्किंग आणि मोकळी जागा. गुणोत्तर साडेअकरावर आलं. तळघर रद्द. तळमजल्यावर गाड्या घ्यायच्या तर दुकानांची जागा जाते आणि नुसत्या खांबांचा मऊ मजला तयार होतो, म्हणून दुकानं निम्मी ठेवून जिन्याभोवती आणि मागच्या बाजूला काँक्रीटच्या कातर भिंती घेतल्या.

पायासाठी पाइल (खडकापर्यंत नेलेले काँक्रीटचे खांब) आणि दगडी स्तंभ (जमिनीत भोक पाडून दगड ठासून भरलेले) असे दोन पर्याय. बेसाल्ट साडेनऊ मीटरवर असल्याने पाइल मोह पाडतात. पण वाळूच्या थरात त्यांचं घर्षण शून्य धरावं लागतं, आकुंचन पावणारी माती त्यांना खाली ओढते, आणि जमीन सरकली तर घट्ट आणि पातळ थरांच्या सांध्यावर पाइल वाकतो. त्यासाठीचं लोखंड आणि व्यास जमेस धरल्यावर एवढ्या इमारतीला ते परवडत नाही. त्यामुळे दगडी स्तंभ आणि वर राफ्ट (सगळ्या इमारतीखालचा सलग काँक्रीटचा पाया).

स्तंभ ६०० मिलिमीटर व्यासाचे, त्रिकोणी मांडणीत १.८ मीटर अंतराने, ८ मीटर खोल, म्हणजे खालच्या घट्ट वाळूत अर्धा मीटर शिरतील असे. क्षेत्रफळाच्या सुमारे १० टक्के जागा दगड घेतो. इमारतीच्या रेषेबाहेर चारी बाजूंनी ४ मीटरपर्यंत स्तंभ घ्यायचे. गुत्तेदार इथे हमखास कापाकापी करू पाहतो, पण कडेची वाळू सैल राहिली तर आतली घट्ट वाळूही बाहेरून पोखरली जाते. व्हायब्रो (कंपनाने स्तंभ करणारं) यंत्र या भागात आणणं महाग, त्यामुळे ठोकून भरलेले स्तंभ घेतले. त्यात एकच अट सोडायची नाही: केसिंग तळाला झाकण लावून ठोकत न्यायचं, त्यामुळे वाळू बाजूला दाबली जाते. बेलरने उपसून भोक पाडलं तर आजूबाजूची वाळू आणखी सैल होते आणि दगड भरूनही हाती काही लागत नाही. शेजारी मातीत बांधलेली जुनी दगडी घरं असतील तर ठोकण्याआधी भिंतींवर भेगा-पट्ट्या लावाव्यात, छायाचित्रं घ्यावीत, आणि पहिले चार स्तंभ त्यांच्यापासून सगळ्यांत लांब करून पाहावेत.

स्तंभांच्या डोक्यावर ४० सेंटिमीटर स्वच्छ खडीचा थर, वरखाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), आणि कडेने बाहेर निघणारी वाट. ही वाट नसली तर स्तंभांतून वर आलेलं पाणी राफ्टखाली कोंडतं. राफ्टचा तळ जमिनीखाली १.२ मीटर. काळी काढली नाही, तिचं फुगणं राफ्टच्या कडकपणावर, भोवतालच्या मुरमाच्या फरसबंदीवर आणि ओलावा एकसारखा ठेवण्यावर सोडलं. पाण्याचा भूमिगत हौद रिकामा असताना उचलला जाऊ नये म्हणून त्याचा तळ राफ्टशी जोडला, आणि गटाराच्या व पाण्याच्या नळांना इमारतीबाहेर पहिल्या दोन मीटरांत लवचिक सांधे दिले.

काम झालं का हे पाहण्याची कसोटी आधीच करारात आकड्याने लिहावी. १.२ चा गुणांक मिळण्यासाठी ६.५ मीटरवर अंतिम दुरुस्त एन १३ लागतो, ५ मीटरवर साडेबारा. त्याच यंत्राने, त्याच दोर-कप्पीने, भूजल ६ मीटरच्या आसपास असताना मोजलं तर जागेवरचा एन अनुक्रमे १८ आणि १४ यायला हवा. पाणी वर असताना मोजलं तर हे आकडे परत काढायचे. चाचणी तीन स्तंभांच्या मधोमध घ्यायची, स्तंभाच्या कडेला नाही. स्तंभ पूर्ण झाल्यावर निदान दोन आठवडे थांबायचं, कारण ठोकल्याने वाढलेला पाण्याचा दाब उतरायला आणि वाळू बसायला वेळ लागतो. घाईने मोजलं की चांगलं कामही नापास होतं. आयएस २१३१ मध्ये १५ च्या वरच्या एन साठी गाळमिश्रित वाळूची जी जुनी दुरुस्ती आहे ती इथे लावायची नाही, बारीक मातीची दुरुस्ती द्रवीकरणाच्या सूत्रात आधीच आहे. दर २५० चौरस मीटरला एक चाचणी, आणि एखादी नापास झाली तर त्या त्रिकोणाच्या मध्यावर आणखी एक स्तंभ ठोकून पुन्हा मोजायचं.